मुलाचा खेळ बंद करू का? एका बाबांचा प्रश्न आणि रंगीची केस

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका बाबांनी विचारलंय, मुलगा 15 वर्षांचा, फुटबॉल म्हटलं की ऐन थंडीत अंधारात स्वतःहून उठतो, पण मंडळाच्या गणपतीला चल म्हटलं की कधी डोकं दुखतं कधी पोट. खेळापायी आपलं काही उरणारच नाही का याच्यात, फुटबॉल बंद करू का? हाच प्रश्न थोड्याफार फरकाने मला सारखा कोणीतरी विचारतं आणि दरवेळी मला रंगी आठवतो. (नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, घरच्यांना विचारूनच लिहितेय.)

मी हॅमिल्टनला एका हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. रंगी 16 वर्षांचा माओरी (इथल्या मूळ रहिवाशांपैकी) मुलगा, शाळेच्या रग्बीच्या फर्स्ट फिफ्टीनमध्ये (पंधरा जणांच्या मुख्य टीममध्ये), म्हणजे इकडे जवळजवळ सेलिब्रिटीच. त्याला माझ्याकडे पाठवलं फिजिओने. मोठ्या मॅचच्या दिवशी ऐनवेळी हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) धरून बसायचा, तपासलं तर काहीच नाही, आणि मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली की दुखणं गायब, मला आत घ्या म्हणून कोचच्या मागे लागायचा. म्हणजे मॅचला तो घाबरत नव्हता, मॅचच्या आधी जे होतं त्याला घाबरत होता. आधी होतो हाका, म्हणजे पाय आपटत, आरोळ्या देत सगळ्या टीमने मिळून करायचा माओरींचा पारंपरिक नाच. आणि कोचने ठरवून टाकलेलं की हाका रंगीच लीड करणार, माओरी आहे ना, त्याला येतच असणार!

हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही हं. माओरी लोकांत आधी आपला डोंगर कुठला, नदी कुठली, माणसं कुठली हे सांगायची रीत आहे, पेपेहा म्हणतात, मग कामाचं बोलायचं. मी माओरी नाही, त्यामुळे शाळेतल्या माओरी शिक्षकांना, ज्यांना सगळे माटुआ म्हणतात, त्यांना विचारून मी माझंच सांगितलं, अजिंक्यतारा, कृष्णा, सातारा. त्याने विचारलं तुमची नदी मोठी आहे का मिस, मी म्हटलं पावसाळ्यात ये. हसला. आणि मग एकदम गप्प, कारण आता त्याची पाळी होती आणि त्याला त्याचं सांगता येत नव्हतं.

मेसन ड्युरी नावाच्या माओरी मानसोपचारतज्ज्ञांनी 1980च्या दशकात माणसाच्या आरोग्याचं एक मॉडेल मांडलं, ते इथल्या शाळांमध्येही शिकवतात. चार भिंतींचं घर, शरीर, मन, कुटुंब आणि वाइरुआ म्हणजे आत्मिक बाजू. मी कागदावर घर काढून दिलं आणि म्हटलं रंगव. शरीराची भिंत त्याने गच्च भरली, कुटुंबाची अर्धी, आणि वाइरुआच्या भिंतीला हातच लावला नाही. म्हणाला ती खऱ्या माओरींसाठी आहे. त्याची चुलत भावंडं माओरी माध्यमात शिकलेली, ते रेओ म्हणजे माओरी भाषा फाडफाड बोलणारी, ती त्याला प्लॅस्टिक माओरी, म्हणजे नकली माओरी, म्हणून चिडवायची. त्यांचा मराए, म्हणजे कुळाची सभेची जागा, वर नॉर्थलंडमध्ये होकियांगाकडे, गाडीने पाच-सहा तास. दोन वर्षं तो तिकडे गेलाच नव्हता, दरवेळी मॅच आहे, ट्रेनिंग आहे. घरचे म्हणायचे रग्बीने पोराला खाल्लं.

मग आईशी बोलून मी त्याच्या आजोबांना, कोरोंना बोलावलं. सोबत माटुआही बसले. रंगीला वाटत होतं कोरो आपल्यावर नाराज आहेत, आणि कोरो बोलायला लागले ते भलतंच. लहानपणी शाळेत माओरी बोललं की पट्टी बसायची (त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी हा मार खाल्लाय), म्हणून पुढे कामासाठी वायकाटोत, म्हणजे हॅमिल्टनच्या या भागात, आल्यावर त्यांनी स्वतःच्या मुलांशी मुद्दाम इंग्लिशच ठेवलं, पोरांना मार नको म्हणून. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला 1987 साली, तोपर्यंत त्यांची मुलं मोठी झालेली. म्हणजे नातवाला भाषा येत नाही याचा सल नातवापेक्षा आजोबांनाच जास्त होता आणि त्यावर घरात कधी कोणी बोललंच नव्हतं.

आणि मग रग्बी. 1960 साली ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडची राष्ट्रीय रग्बी टीम, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले तेव्हा तिथल्या वर्णभेदामुळे एकाही माओरी खेळाडूला नेलं नव्हतं, देशभर विरोध झाला, दीड लाखाच्या वर सह्या झाल्या तरी दौरा झालाच. कोरो तेव्हा 16 वर्षांचे, स्वतः रग्बी खेळणारे. त्यांच्या वडिलांनी त्या दौऱ्याची कॉमेंट्री घरात लावू दिली नव्हती. रंगी बघतच राहिला, कारण त्याच्या डोक्यात रग्बी ही शाळेतली गोष्ट आणि माओरी असणं ही मराएवरची, दोन्हीचा काही संबंध असतो हेच त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मला विचाराल तर माझ्या कुठल्याही टेक्निकपेक्षा त्या तासाभराने जास्त काम केलं.

त्याने कोचला सांगितलं मी लीड करणार नाही, मागच्या रांगेत उभा राहीन आणि शब्द शिकेन. कोच बिचारा ओशाळला, त्याला वाटत होतं आपण मान देतोय.

मग कोरोंची बहीण वारली आणि तांगी, म्हणजे अंत्यविधीचे साधारण तीन दिवस, नेमके क्वार्टर फायनलच्या आठवड्यात आले. जायचं की नाही हे मी त्याच्यावर सोडलं. तो गेला. मला नंतर सांगत होता, भाषणं होती तिकडे तो गेलाच नाही, मागे स्वयंपाकघरात होता, पोती पोती बटाटे सोलले, भांडी घासली, झोपायच्या गाद्या उचलल्या, आणि कोणी त्याची परीक्षा घेतली नाही. मागच्या कामाला मराएवर फार मान असतो. भांडी पुसता पुसता एका आँटीने त्याचा डोंगर, नदी आणि पूर्वज जिच्यातून आले ती होडी त्याच्याकडून पाठ करून घेतली.

इकडे टीम हरली. नंतर बरेच दिवस तो सगळ्यांवर चिडून होता, माझ्यावरसुद्धा, आणि ते मला ठीकच वाटलं. हाका तो अजूनही लीड करत नाही, कोरो मात्र मॅचला यायला लागलेत. आणि हो, नंतर एकदा त्याचं हॅमस्ट्रिंग खरंच गेलं तेव्हा फिजिओ आधी विश्वासच ठेवेना.

तर बाबा, फुटबॉल बंद करू नका. जिथे त्याला आपण कोणीतरी आहोत असं वाटतं ती जागा काढून घेतलीत तर तो मंडळात येणार नाही, खोलीत जाऊन दार लावून घेईल. त्यापेक्षा मंडळात गेल्यावर त्याच्यासोबत नक्की काय होतं ते बघा. कोणी काका सगळ्यांसमोर मराठीत बोलून दाखव म्हणतात का, उच्चारांवर हशा होतो का, भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांशी तुलना होते का? स्टेजवरचं काही त्याच्या गळ्यात मारू नका. साउंडच्या वायरी, खुर्च्या, पंगतीत वाढणं, असलं काम द्या आणि तिथे त्याला त्याचं करू द्या, मधेमधे फोटो काढायला जाऊ नका. तुम्हालाही अथर्वशीर्ष पूर्ण येत नसेल (मला येत नाही) तर तेही सांगा त्याला. आणि तुम्ही त्याच्या वयाचे असताना काय खेळत होतात, घरचे त्यावरून काय बोलायचे, हे कधी सांगितलंय का?

डोकं-पोट दुखणं रोजचं व्हायला लागलं, झोप-जेवण बिघडलं, किंवा फुटबॉललाही नको म्हणायला लागला तर मात्र थांबू नका, आधी डॉक्टरांना दाखवा आणि शाळेतल्या काउन्सेलरला भेटा. न्यूझीलंडमध्ये 1737 या समुपदेशनाच्या हेल्पलाइनवर फोन किंवा मेसेज फुकट आहे, दिवसरात्र कधीही, आणि तो मोठ्यांनाही चालतो. विसर्जन आणि मॅच एकाच दिवशी आली तर काय करायचं हे आत्ताच, सीझन संपायच्या आधी, त्याच्यासोबत बसून ठरवा, आदल्या रात्री नको.