समोच्चरेषा की उताररेघा?

प्रश्न असा आहे: खडकाळ किनाऱ्याच्या एका जुन्या स्थलदर्शक नकाशावर डोंगरउतारांवर बारीक फटकारे मारलेले आहेत. त्यांना समोच्चरेषा म्हणावं का?

नाही. समोच्चरेषा सारख्या उंचीचे बिंदू जोडत जाते, त्यामुळे ती उताराला आडवी असते. हे फटकारे आखूड, तुटक आणि पाणी ज्या दिशेनं उतरेल त्या दिशेनं ओढलेले असतात. ही हॅश्यूर पद्धत. योहान गेओर्ग लेमान या सॅक्सन लष्करी अधिकाऱ्यानं १७९९ मध्ये तिला नियम घालून दिला: उतार जितका तीव्र तितका फटकारा जाड, सपाट जागा कोरी, ४५ अंशांचा उतार पूर्ण काळा.

'हॅश्यूर' म्हटलं तरी बिघडत नाही. मराठी शब्द हवाच असेल तर मी 'उताररेघ' सुचवेन. 'रेषा' मुद्दाम टाळतो. रेषेत मोजमाप गृहीत असतं आणि समोच्चरेषेमागे ते असतंच. रेघ हातानं ओढलेली. उताररेघेवरून चढ किती ते जाणवतं, उंची किती ते कळत नाही.

वाचताना फसगत होते ती कोऱ्या जागेवर. टेकडीचा सपाट माथा कोरा, दरीचा सपाट तळही कोरा! एकरंगी छपाईत दरीतला ओढाही काळाच, तो फटकाऱ्यांत चटकन ओळखू येत नाही, म्हणून माथा कोणता नि तळ कोणता हे ठरवायला आधी उंचीचे आकडे शोधावेत.

उभ्या कड्यापाशी समोच्चरेषाही हात टेकतात. एका मैलाला एक इंच म्हणजे १:६३,३६० या प्रमाणावर नकाशातला १ मिमी जमिनीवर सुमारे ६३ मीटर भरतो. समोच्चरेषा ५० फुटांच्या अंतरानं असतील, तर २५० फुटी उभ्या कड्याच्या पाच रेषांना वेगळं दिसायला जागाच उरत नाही. त्या एकमेकींत मिसळतात आणि तिथे कड्याची वेगळी खूण काढावी लागते. समोच्चरेषांच्या नकाशावर एवढ्याच पट्ट्यात फटकारे दिसले, तर त्याला सरळ 'कड्याची खूण' म्हणावं.

पाण्यातल्या आकड्यांना उंची म्हणू नये, ती खोली. जुन्या नकाशांवर ती बहुधा वावांत असते. एक वाव म्हणजे ६ फूट. शिवाय उंची सहसा समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजतात, तर सागरी नकाशातली खोली ओहोटीच्या खालच्या पातळीपासून. दोन्हींचं शून्य वेगळं असल्यानं कड्याची उंची आणि पायथ्याची खोली यांची थेट बेरीज करू नये.