शिक्षणासाठी पहिल्यांदाच एकट्याने परदेशी जायचंय. वाटेत विमान बदलायचं आहे, त्याची आणि उतरल्यावरच्या चौकशीची धास्ती वाटते. काय तयारी करू?

प्रवेश, फी, खोली सगळं ठरूनही त्या दोन टप्प्यांचा विचार आला की पोटात गोळा येतो, हे मी स्वतः अनुभवलंय. म्हणून त्याबद्दलच लिहिते. कपडे किती न्यायचे हे सांगणारे पुष्कळ भेटतील.

माझं पहिलं सांगणं हे की मोठ्या बॅगा पोहोचल्याच नाहीत तरी दोन-तीन दिवस अडणार नाही, अशी हातातली बॅग भरा. माझी बॅग खरंच मागे राहिली होती. सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, बाकीचे निघून गेले आणि आम्ही चार-पाच जण तिथेच उभे. असं झालं तर तसंच बाहेर पडू नका. विमान कंपनीचा सामानाचा काउंटर बहुधा त्याच हॉलमध्ये असतो. चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासला चिकटवून देतात ती बारकोडची छोटी पट्टी मला तिथे मागितली, बॅगेचा रंग-आकार विचारला, राहण्याचा पत्ता घेतला आणि तक्रारीचा क्रमांक दिला. बॅग नंतर खोलीवर आली. पासपोर्ट, कागदपत्रं, औषधं, चार्जर आणि एक जोड कपडे माझ्याजवळच होते, म्हणून ती रात्र निभावली. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईचा १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर बॅग उशिरा आल्याचा लेखी दावा ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करायचा, मोडतोडीचा ७ दिवसांत. मधल्या काळात घ्याव्या लागलेल्या वस्तूंच्या पावत्या जपून ठेवा.

पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच. चेक-इनच्या सामानात ती चालत नाही. साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतची परवानगीशिवाय नेता येते, म्हणजे २०,००० एमएएचची नेहमीची चालते. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

आता विमान बदलणं. दोन्ही विमानं एकाच बुकिंगवर आहेत ना, हे आधी बघा. तसं असेल तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तरी पुढची सोय करणं हे कंपनीचं काम असतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर ते तुमच्यावर येतं. शिवाय सामान घेऊन पुन्हा द्यायला त्या देशात प्रवेश करावा लागू शकतो, त्यासाठी व्हिसा लागू शकतो. काही देशांत तर विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही ट्रान्झिट व्हिसा लागतो, तेव्हा तिकीट काढण्याआधीच चौकशी करा. उतरल्यावर गेट नंबर स्क्रीनवर पुन्हा बघा, तो बदलतो. आणि अमेरिकेत पुढचं विमान देशांतर्गत असलं तरी बहुतेक वेळा पहिल्याच शहरात इमिग्रेशन, म्हणजे देशात प्रवेशाची चौकशी, होतं, तिथे बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागतात. तेवढा वेळ हाताशी हवा.

इमिग्रेशनची धास्ती सगळ्यात जास्त वाटते, पण बोलणं बहुधा थोडक्यात आटपतं. काय शिकणार, कुठे, खर्च कोण करणार, राहणार कुठे. मी अख्खी फाइल पुढे केली, तर अधिकाऱ्यांनी ती बाजूला सारून फक्त प्रवेशपत्र मागितलं. विचारलं तेवढंच, खरं आणि स्वतःच्या शब्दांत सांगा. पाठ केलेलं बोलायला गेलात की आपणच अडखळतो. कागद मात्र छापील ठेवा, फोन ऐन वेळी बंद पडतो. अमेरिकेसाठी विद्यापीठाने दिलेला आय-२० हा फॉर्म जवळ हवा, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्यांदा जाताना त्यातल्या सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी प्रवेश मिळत नाही. कॅनडात स्टडी परमिट पोहोचल्यावर हातात देतात. काउंटर सोडण्यापूर्वी नाव आणि मुदत वाचून घ्या, चूक असेल तर तिथेच सांगा. ब्रिटनचा व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो. आहे तोच पासपोर्ट त्या खात्याला जोडलेला आहे का, निघण्यापूर्वी बघा.

खोलीची किल्ली कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळते, हे ईमेलवर लेखी विचारून घ्या. मुलं रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी पोहोचतात आणि हॉस्टेलचं ऑफिस बंद असतं. उत्तर आलं नाही तर पहिल्या रात्रीसाठी दुसरीकडे खोली घ्या. यात पैसे वाचवू नका, विशेषतः एकट्या मुलींनी. पत्ता कागदावर लिहून ठेवा.

नेहमीच्या सिमचं रोमिंग निघण्याआधी सुरू करा. नाहीतर बँकेचं कार्ड खिशात असतं, पण ओटीपी येत नाही.

घरच्यांना विमान उतरण्याच्या वेळेपुढे दोन-तीन तास धरून सांगा. रांगेत असताना बऱ्याचदा फोन करता येत नाही, आणि तिकडे आईचा जीव टांगणीला लागतो.