'सांगड', 'मेळ' की 'जोड'?

प्रश्न असा : नवी वस्तू घडवताना डिझायनर निरनिराळ्या क्षेत्रांतलं ज्ञान वापरतो, त्याला 'ज्ञानाचं एकत्रीकरण' म्हणावं का?

म्हणू नये. एकत्रीकरण याद्यांचं होतं, निधीचं होतं. 'समन्वय'ही नको, तो खात्यांमध्ये किंवा मतांमध्ये साधतात. इथे नेमका शब्द 'सांगड'. मूळ अर्थ पाण्यातला : दोन होड्या, ओंडके किंवा भोपळे एकत्र बांधून केलेलं तरून जायचं साधन. बांधलेली प्रत्येक वस्तू तशीच राहते, पण एकटीला न पेलणारा भार दोघी मिळून पेलतात.

'जयपूर फूट' हे कृत्रिम पाऊल घ्या. त्याआधीचं परदेशी पद्धतीचं कृत्रिम पाऊल बुटात घालायचं, आतून ताठ. ते घालून उकिडवं बसता येत नसे, अनवाणी चिखलात उतरणं तर दूरच. 1968च्या सुमारास जयपुरात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी शरीररचनेचं ज्ञान, हातातली कारागिरी आणि टायर दुरुस्तीतलं रबर भाजण्याचं तंत्र यांची सांगड घातली.

पण सांगड घातली म्हणजे मेळ बसलाच असं नाही. सुरुवातीला पाऊल भरीव रबराचं केलं, ते जड आणि ताठ झालं. मग घोट्याशी बोल्ट धरायला लाकडी ठोकळा, टाचेला आणि चवड्याला स्पंज रबराचे वेगळे ठोकळे, वरून रबराचं आवरण, आणि सगळं साच्यात घालून उष्णता, अशी रचना ठरली. आता पाऊल हवं तिथे वाकू लागलं. तेव्हा मेळ बसला. सांगड 'घालतात', मेळ 'घालतात'ही आणि तो 'बसतो', 'जमतो'ही. 'सांगड बसली' मात्र कानाला खटकतं.

'जोड' जपून वापरावी. 'वैद्यकाला कारागिरीची जोड दिली' म्हटलं की वैद्यक मुख्य आणि कारागिरी पुरवणीची ठरते. शर्मांच्या बाबतीत हे वाक्य सरळ अन्यायाचं आहे, कारण साचा आणि रबराच्या थरांचं काम त्यांच्या हातचं. आधीच तयार असलेल्या खुर्चीला चाकं लावली, तर 'चाकांची जोड दिली' हे अगदी बरोबर.

'मिलाफ' सूर, चवी, शैली यांच्यासाठी राखावा. तिथे सांधा दिसत नाही. जयपूर फुटात लाकूड कुठे संपतं आणि रबर कुठे सुरू होतं, हे पाऊल कापलं तर स्पष्ट दिसेल.