दिवस राहत नाहीत? वाचकांच्या प्रश्नांना स्त्रीरोगतज्ज्ञांची उत्तरं

माझं वय २८. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी (अंडाशयात अर्धवट वाढलेल्या बीजांच्या बारीक पिशव्या) निघालं. आता मूल होणारच नाही का? (कोथरूड)

बहुतेकींना होतं. पाळी इतकी लांबते, कारण स्त्रीबीज वेळेवर फुटत नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. नाही लागली, तर बीज फुटायला मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्या आहेत. त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) तपासून घ्या; त्यांच्या गडबडीतही पाळी अशीच लांबते.

पाळी नियमित आहे, तरी एचएसजीत (गर्भनलिकांच्या एक्स-रे तपासणीत) दोन्ही नळ्या बंद दिसल्या. मला कधीच मोठा आजार झाला नाही. मग हे कशानं? (हडपसर)

आपल्याकडे पहिली शंका टीबीची घ्यावी लागते. फुप्फुसातले जंतू रक्तावाटे गर्भनलिकेत जाऊन बसतात. खोकला नाही, ताप नाही. बाईला पत्ताही लागत नाही. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून लागणाऱ्या जंतूचा जुना संसर्ग, फुटलेलं अपेंडिक्स किंवा एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं, पाळीत फार दुखतं) हीसुद्धा कारणं असतात. पाळीत कंबर धरून बसावं लागत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा; ‘सगळ्यांनाच दुखतं’ म्हणून सोडू नका.

एचएसजीच्या वेळी नळी नुसती आखडली तरी बंद दिसते. म्हणून गरज पडल्यास लॅपरोस्कोपीनं, म्हणजे पोटात दुर्बीण घालून, खात्री करतात. टीबी ठरलाच, तर आधी औषधांचा कोर्स पूर्ण करायचा. नळ्या कायमच्या खराब झाल्या असतील तर मार्ग आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा.

सुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडत नाही. मुलगा धडधाकट आहे, त्याची तपासणी कशाला? (चिंचवड)

काकू, तब्येतीवरून शुक्रजंतू कळत नाहीत. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. २ ते ७ दिवस संबंध टाळून वीर्याचा नमुना द्यायचा, एवढंच. ना सुई, ना भूल. सूनबाईंना एचएसजीच्या टेबलावर झोपवण्याआधीच हे व्हायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वय ३६, नऊ महिने प्रयत्न चालू आहेत. रक्ततपासणीत एएमएच हे हार्मोन कमी आलंय. (सिंहगड रोड)

एएमएचवरून बीजांचा साठा कळतो, दर्जा नाही. पण पस्तिशीनंतर वर्षभर वाट पाहायची नसते, सहा महिन्यांतच तपासणी करायची. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या आणि यजमानांना सोबत न्या.