बाटलीतल्या गोचिडी आणि बीएडचा फॉर्म

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका वडलांचं पत्र आलंय. काजूची बागायत, थोडी सुपारी, गोठ्यात गुरं. मुलगी टीवाय बीएस्सीला, झूलॉजी, आत्तापर्यंतच्या सेमिस्टर्सची सरासरी 78 टक्के. तिला बेंगळुरूच्या एका लाईफ सायन्सेसच्या संस्थेत जाऊन संशोधन करायचंय. वडलांचं म्हणणं असं की नीटला कमी पडली म्हणून हे खूळ डोक्यात शिरलंय, पीएचडी म्हणजे अजून पाच-सहा वर्षं फी भरत बसायचं, मुलाच्या इंजिनिअरिंगचं कर्ज आत्ता कुठे फिटलंय, शिवाय मुलीचं लग्नाचं वय निघून जाणार. त्यापेक्षा बीएड करून इथल्याच हायस्कुलात लागावी, फॉर्म भरायचं मामाने ठरवलंय. मी फक्त सरकारी नोकरीसाठी कुठली परीक्षा बरी ते सांगायचं आणि तिला दोन शब्द समजवायचे. शेवटी एक तक्रार आहे: 'अभ्यास सोडून गुरांच्या अंगावरच्या गोचिडी काढून बाटल्यांत भरते, वर चिठ्ठ्या चिकटवते, घरात सगळ्यांना किळस येते.'

नमस्कार,

तुमचं पत्र चांगलं सविस्तर आहे, पैशाचा हिशेब आहे, घरची अडचण आहे, आणि ती खरी आहे हे मला मान्य आहे. पण एवढ्या मोठ्या पत्रात तुमच्या मुलीचं नाव एकदाही नाही. तिचं स्वतःचं एक वाक्यही नाही. 'आम्ही ठरवलंय', 'मामाचं मत पडलं', 'वाड्यावर लोक विचारतात', हे सगळं आहे, आणि ती काय म्हणते तर 'खूळ'. वीस वर्षांची मुलगी आहे ती, मतदान करते. तिच्या आयुष्याचा फॉर्म मामा भरणार आणि तिला समजवायचं काम माझ्याकडे, हे मला जमणार नाही, स्पष्टच सांगते. आणि अजून एक, थोडं लागेल तरी लिहिते. मुलासाठी तुम्ही बँकेचं कर्ज काढलंत, चांगलं केलंत, पण तेव्हा त्याच्या लग्नाचं वय कुणी मोजलं होतं का? मुलीचं शिक्षण आलं की लगेच खर्च आणि वय आठवतं, हे सत्तरीतच नाही, पणजी-मडगावच्या शिकलेल्या घरांतही मी बघते, आणि दर वेळी मला तितकाच राग येतो.

आता त्या बाटल्यांबद्दल. तुम्ही ही गोष्ट तक्रार म्हणून लिहिलीत, मला ती सगळ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची वाटली. तुमच्या तालुक्यात 2015 ला पाली गावात माकडतापाची, म्हणजे गोचिडीच्या चाव्याने पसरणाऱ्या विषाणूच्या तापाची, साथ आली होती, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, काजूच्या मोसमात रानात जाणारी माणसं आजारी पडली होती. हा रोग पहिल्यांदा सापडला 1957 साली, कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात. माकडं मरून पडायला लागली, मागोमाग माणसं तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची, म्हणजे आताच्या एनआयव्हीची (राष्ट्रीय विषाणू संस्थेची), माणसं तिथे पोचली आणि त्यांनी जंगलातल्या गोचिडी गोळा करून, वर्गवारी करून हा विषाणू पसरतो कसा ते शोधून काढलं. त्या गोचिडीची जी मुख्य जात आहे तिचे मोठे झालेले किडे बहुतेक गुरांच्याच अंगावर वाढतात. म्हणजे तुमची मुलगी गोठ्यात जे करतेय त्याची सुरुवात ह्याच वाटेने होते, कुणी न सांगता, मार्क मिळत नसताना. चिठ्ठीवर ती काय लिहिते ते एकदा वाचा तरी. तारीख, गाईचा रंग, अंगावरची जागा असं काही असेल तर पोरगी नोंद ठेवतेय, आणि नोंद ठेवायची सवय लावता लावता एमएस्सीच्या मुलांचे गाईड दमून जातात.

पण तिला एक नक्की सांगा, आणि हे कडक सांगतेय. नुसत्या हाताने गोचीड ओढायची नाही, बोटांत चिरडायची तर अजिबात नाही, ग्लोव्ह्ज आणि बारीक चिमटा वापरायचा, नंतर साबणाने हात धुवायचे. रानात जाऊन गोळा करायच्या नाहीत, मेलेल्या माकडाच्या आसपास तर फिरकायचंच नाही, तसं माकड दिसलं तर वनखात्याला नाहीतर आरोग्य केंद्राला कळवायचं. माकडतापावर अजून खास असं औषध नाही, डॉक्टर लक्षणं सांभाळतात, इतकंच. गोचीड ठेवायची ती 70 टक्के अल्कोहोलमध्ये, जिवंत नाही, आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची, पेन्सिलने लिहून, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभराने कुठली गोचीड कुठल्या गाईची ते कळत नाही. कॉलेजातल्या झूलॉजीच्या सरांना किंवा मॅडमना बाटल्या दाखवाव्यात, डिसेक्टिंग मायक्रोस्कोप तिथे असतोच. आणि ह्या बाटल्या घरात ठेवायच्या नाहीत, कॉलेजच्या लॅबमध्ये ठेवायच्या, तुमच्या घरच्यांची किळसही त्यात मिटेल.

आता फीचं. हा गैरसमज इतक्या घरांत आहे की मी त्यावर जरा जास्तच लिहिणार आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, एमबीए ह्यांना आपण पैसे भरतो म्हणून लोकांना वाटतं पीएचडी म्हणजे त्याहून मोठा डिग्रीचा कोर्स, त्याहून मोठी फी. असं नाहीये. केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांत पीएचडी करणाऱ्याला फेलोशिप मिळते, 1 जानेवारी 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला 37 हजार आणि दोन वर्षांनी सीनिअर झाल्यावर 42 हजार, हॉस्टेल नसेल तर घरभाडं वेगळं. पाच वर्षांचा हिशेब घातला तर 24 लाख होतात, आणि हे तिला मिळणार, तुम्ही द्यायचे नाहीत. संस्थेची थोडी फी असते, मेस असते, ते त्यातून भागतं. बीएस्सीनंतर इंटिग्रेटेड पीएचडीला, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडी एकत्र असते तिला, गेली तर सुरुवातीच्या काळात रक्कम कमी असते, पण तिथेही घरून फी भरायची वेळ सहसा येत नाही. एक खरी अडचण आहे ती लपवत नाही, फेलोशिपचे पैसे कधीकधी महिनोन्‌महिने उशिरा येतात, तेव्हा तीन-चार महिन्यांचा खर्च गाठीला असलेला बरा, आणि तुमची मदत लागली तर ती तिथे लागेल. लाखो रुपये घेऊन पीएचडी देणारी खाजगी दुकानं आहेत, त्यांचे फोन आले तर ठेवून द्या.

परीक्षांचं म्हणाल तर पीएचडीसाठी नेट आहे, गेट आहे, एमएस्सीला आयआयटी जॅम आणि बायोटेकसाठी गॅट-बी आहे, टीआयएफआर-एनसीबीएस ह्या बेंगळुरूच्या जीवशास्त्र संस्थेची जेजीईईबीआयएलएस आहे ज्यातून बीएस्सीची मुलंही इंटिग्रेटेड पीएचडीला जाऊ शकतात, आणि गोवा विद्यापीठात एमएस्सीला त्यांची प्रवेश परीक्षा जीयू-आर्ट. तिला ही यादी पाठ असणार.

तिला कदाचित दुसरी गोष्ट माहीत नसेल, आणि इथून पुढचं मी तिला उद्देशून लिहितेय, तिला वाचायला द्या.

बाय, तू बेंगळुरूच्या संस्थेची वेबसाइट रात्र-रात्र बघतेस असं बाबांनी लिहिलंय. संस्था चांगलीच आहे, तिथली इमारत, झाडं, कॅन्टीनचे फोटो बघून कुणालाही जावंसं वाटेल. पण संशोधन कुणी संस्थेत करत नाही गं, एका लॅबमध्ये करतं, एका माणसाच्या हाताखाली, एका प्रश्नावर, आणि तो प्रश्न तुझा नसेल तर तिसऱ्या वर्षी तुला तिथल्या झाडांचाही कंटाळा येईल. तुझा प्रश्न गोचिडीचा आहे. मग बघ की गोचीड, डास, त्यांच्यातून पसरणारे विषाणू ह्यांवर कोण काम करतं, पुण्याला एनआयव्ही आहे, पणजीत आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मलेरिया संशोधन संस्थेचं फील्ड स्टेशन आहे, जुन्या गोव्यात एलाला आयसीएआरची, म्हणजे कृषी संशोधन परिषदेची, संस्था आहे तिथे गुरांवर काम चालतं. बेंगळुरूच्या त्याच संस्थेत तुझ्या प्रश्नाच्या जवळचं कुणी सापडलं तर जरूर जा. त्या शास्त्रज्ञाचे दोन पेपर वाच, नाही कळले तरी वाच, आणि मग मेल कर, 'रिस्पेक्टेड सर आय ॲम व्हेरी पॅशनेट' अशी पन्नास जणांना एकच मेल पाठवू नकोस, ती कुणी उघडत नाही. तू काय गोळा केलंस, काय दिसलं, काय कळलं नाही, एवढं चार ओळींत लिही. इंटरव्ह्यूला पण हेच विचारतात, शोध घ्यायचा तर कसा घेशील, कंट्रोल, म्हणजे तुलना करायला बाजूला काय ठेवशील, पाठांतर तिथे कामाला येत नाही.

पण लगेच पीएचडीला उडी मारू नकोस. आधी बघ तुला लॅबचं रोजचं काम सोसतं का. दिवसभर पिपेट धरून अंगठा दुखतो, संध्याकाळी जेलवर डीएनए दिसतोय का बघावं तर बँडच, म्हणजे त्याची रेघच, नाही, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा, आणि आठवड्याने कळतं की प्रायमरच, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायला लागणारा छोटा तुकडाच, खराब होता. काहींना हे असह्य होतं आणि काहींना त्यातच गोडी लागते, हे घरात बसून ठरत नाही. तुला 75 टक्क्यांच्या वर आहेत, तर नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनासकट घ्यायची सोय बघ, तुझ्या कॉलेजात ते चालू आहे का ते ऑफिसात विचार. नाहीतर एमएस्सीला जा आणि डिझर्टेशनसाठी (शेवटच्या संशोधन प्रकल्पासाठी) दोना पावलाच्या एनआयओचं, समुद्रविज्ञान संस्थेचं, दार ठोठाव, समुद्राचा विषय असला तरी डीएनए काढायला, सिक्वेन्स वाचायला तिथेही शिकशील. तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून समर रिसर्च फेलोशिप असते, दोन महिने, अर्ज साधारण नोव्हेंबरच्या आसपास घेतात, त्यावर लक्ष ठेव.

आणि संस्थेत काम म्हणजे फक्त पीएचडी नव्हे, प्रोजेक्ट असिस्टंट असतात, मायक्रोस्कोपी आणि सिक्वेन्सिंगच्या फॅसिलिटी चालवणारे असतात, ॲनिमल हाऊस बघणारे, लॅब मॅनेजर, अनुदानांचा हिशेब ठेवणारे. प्रोजेक्टच्या पोस्ट टेम्पररी असतात, प्रोजेक्ट संपला की संपतात, पण वर्षभर केलंस तर पीएचडीच्या अर्जाला मोठं बळ मिळतं. उलट पीएचडी झाली की पर्मनंट प्रोफेसरकी वाट बघत उभी असते असंही समजू नकोस. जागा थोड्या, माणसं जास्त, मधे पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, वर्षं, बऱ्याचदा परदेशात. हे माहीत असून जायचंय तर जा.

आता परत तुमच्याकडे. सरकारी नोकरीसाठी गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या जाहिराती बघत राहायच्या, पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढून ठेवायचा, पदवी झाली की ती पुढेही बसू शकते, ह्या वर्षीच बसली पाहिजे असं काही नाही. बीएडबद्दल माझं मत वेगळं आहे. शिक्षक होणं मोठं काम आहे, पण जिला व्हायचंय तिने व्हावं. नाराज होऊन बीएड केलेली किती मुलं-मुली लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने पैसे घेत, वर्षानुवर्षं लटकलीत ते तुमच्या तालुक्यातच चौकशी करा, म्हणजे 'हायस्कुलात लागेल' हे किती सोपं आहे ते कळेल. आणि लग्न. पीएचडी करताना लग्न झालेल्या, मूल झालेल्या मुली मी पाहिल्यात, आणि तिशीनंतर केलेल्याही, फेलोशिपमध्ये बाळंतपणाची रजा असते. ते तिचं ती बघेल, आत्ता त्याची चर्चा नको.

मेहुण्यांना फोन करून फॉर्म तूर्त थांबवा. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा होईपर्यंत घरात हा विषय काढू नका, तिला नीट अभ्यास करू द्या. परीक्षा झाली की तुम्ही दोघं मिळून मला फोन करा, आणि तिच्या आईलाही बसवा, त्यांचंही मत तुमच्या पत्रात कुठे आलेलं नाही.