इतिहास, विज्ञानकथा, कादंबऱ्या, सगळंच वाचत राहिलं तर हाती काही लागतं का?

तुम्ही लिहिलंय की इतिहास, विज्ञानकथा, कादंबऱ्या, जे हाताला लागेल ते वाचता आणि घरचे म्हणतात, कुठलं तरी एक धर. असं वाचन वाया जातं का, हा तुमचा प्रश्न. माझं तरी गेलं नाही. एका पानिपतावरून सांगतो.

नववीत असताना ‘स्वामी’ वाचली. रणजित देसाई आमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या कोवाडचे, म्हणून ती कादंबरी जरा जास्तच घरची वाटायची. सोळाव्या वर्षी अंगावर पडलेली पेशवाई, पानिपतानंतरचं कर्ज, क्षय, थेऊरचा शेवट. ती शेवटची पानं वाचून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. माधवराव आपल्याला पुरते कळले अशी माझी खात्री होती. पुढे कॉलेजात एका चर्चेत मी त्यातला एक संवाद पुरावा म्हणून सांगितला, तेव्हा सरांनी शांतपणे विचारलं, “हे कुठल्या कागदात आहे?” मला काहीच सांगता आलं नाही.

त्या एका प्रश्नामुळे मी इतिहासाकडे वळलो. सुरुवातीला कंटाळा आला, खोटं कशाला बोलू. रसदा, तारखा, कोण कुठून कुठे गेलं. पण हळूहळू लक्षात आलं की १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं लढायला बाहेर पडली ती रसद तुटून उपाशी राहिल्यावर. हे कळल्यावर शौर्याची वर्णनं मला वेगळी वाचता येऊ लागली. कादंबरीवरचं प्रेम कमी झालं नाही. तिच्याकडे पुरावा मागायचा नाही, एवढं मात्र कळलं.

आणि मग जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा हाती आली. (नारळीकरांचा जन्म कोल्हापूरचा, १९३८ चा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून केलेली ही काळजी मला फार मोठी वाटते.) कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे मराठे पानिपत जिंकलेत. तिथल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाला घासून जाते. एवढाच फरक, आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा.

ही कथा वाचून मी पहिल्यांदा आपल्या गावाकडे त्या नजरेने पाहिलं. कोल्हापूरचे संभाजी महाराज वारले डिसेंबर १७६० मध्ये, पानिपताच्या जेमतेम महिनाभर आधी. त्यांना वारस नव्हता. नानासाहेब पेशव्यांना ही गादी साताऱ्याशी जोडायची होती. राणी जिजाबाई दत्तक घेण्यावर ठाम राहिल्या. तेवढ्यात पानिपत झालं, जूनमध्ये नानासाहेब गेले, आणि १७६२ मध्ये माधवरावांच्या कारकिर्दीत दत्तकाला मान्यता मिळाली.

आता सांगा, आपण पानिपत जिंकलो असतो तर? विजयी, भरल्या खजिन्याच्या पेशव्याने जिजाबाईंचं ऐकलं असतं का? गादी राहिली नसती तर पुढे शाहू महाराज कुठले, १९०२ चा निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम कुठला, राधानगरीचं धरण तरी कुठलं? हे सिद्ध करता येणार नाही. जिजाबाईंची जिद्द मोठी होती, कदाचित त्यांनी विजयी पेशव्यालाही दाद दिली नसती. पण ज्या हरण्याचं दुःख लहानपणापासून मनात होतं, त्या हरण्याचा माझ्या गावाच्या असण्याशी संबंध असू शकतो, या विचाराने मला रात्रभर झोप लागली नाही. नुसता इतिहास वाचून हा प्रश्न मला पडला नसता. नुसती विज्ञानकथा वाचली असती तर तो पानिपतावरच थांबला असता. आणि ‘स्वामी’ वाचली नसती तर माधवरावांनी मान्यता दिली या कोरड्या वाक्यापाशी मी थबकलोच नसतो.

म्हणून घरच्यांचं म्हणणं अर्धं ऐका. एक धरा, पण प्रकार नको, विषय धरा. तुमच्या गावातला एखादा धरलात तर फारच चांगलं. मग त्यावरची कादंबरी, त्यावरचा इतिहास, आणि ‘तसं झालं नसतं तर’ हा प्रश्न, तिन्ही जवळ ठेवा. क्रम कुठलाही चालेल. कादंबरी मात्र लवकर वाचा, तिच्यामुळे पुढची जाड पुस्तकं वाचायला बळ येतं.

मी सध्या रविवारी मोडी शिकायला जातो. जिजाबाईंच्या वेळची पत्रं मुळातून वाचायची आहेत.