गच्चीवरचे सोलर पॅनेल आणि ‘वीजचोरी’ची भीती

प्रश्न : मी अमळनेरला भाड्याने राहतो. ऑनलाइन मागवलेली ६०० वॅटची सोलर पॅनेल गच्चीवर ठेवून त्यांची पिन घरातल्या प्लगमध्ये बसवली. दोन महिन्यांत बिल उलट वाढले. रीडिंगला आलेला वायरमन म्हणाला, ही चोरी आहे, केस होईल. मीटर घरमालकांच्या नावावर असल्याने ते घाबरले आहेत. काय करावे?

उत्तर : आपण केले ती वीजचोरी नव्हे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली चोरी ठरण्यासाठी लाईनवर आकडा टाकणे, मीटरमध्ये फेरफार करणे अशी कृती अप्रामाणिक हेतूने झालेली असावी लागते, आणि आपल्या बाबतीत तसे काहीच घडलेले नाही. नियम मात्र मोडला आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार नेट मीटरिंग (लाईनवर दिलेली वीज बिलातून वळती करण्याची सोय) न घेताही ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडलेला सौर संच मीटरच्या आतल्या बाजूस चालवता येतो, परंतु त्याची पूर्वसूचना वीज कंपनीला द्यावीच लागते, आणि ती न दिल्यास तेवढ्या काळासाठी संचाच्या क्षमतेवर स्थिर आकार दुप्पट दराने लागू शकतो. अमेरिकेतील युटा राज्याने २०२५ मध्ये १,२०० वॅटपर्यंतच्या प्लगच्या संचांना वीज कंपनीशी करार करण्यातून मोकळे केले. जर्मनीत ८०० वॅटच्या इन्व्हर्टरपर्यंत (पॅनेलची वीज घरच्या वापराच्या विजेत बदलणारे यंत्र) नोंदणी पुरते. अशा संचांच्या जाहिरातींतले ‘परवानगीची गरज नाही’ हे वाक्य तिकडच्या कायद्यावर खरे असेल, अमळनेरच्या मीटरला ते लागू नाही. आपल्याकडेही लहान संचांसाठी असा सुटसुटीत नियम व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण भाडेकरूला आणि फ्लॅटधारकाला स्वतःचे छत नसते.

बिल वाढण्याचे कारण बहुधा मीटरमध्येच आहे. अनेक साधी इलेक्ट्रॉनिक मीटर बाहेर गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. भर दुपारी घरात एकटा फ्रीज चालू असताना उरलेली वीज लाईनवर जाते आणि तिचे युनिट आपल्याच बिलात चढतात. शिवाय लाईट गेल्यावर संच क्षणात आपोआप बंद होणारा नसेल, तर खांबावर चढलेल्या त्याच वायरमनच्या जिवाला धोका आहे. म्हणून आजच पिन काढा.

कायद्याच्या दृष्टीने ग्राहक घरमालक आहेत, तेव्हा पूर्वसूचनेच्या अर्जावर त्यांची सही घ्या, इन्व्हर्टरचे प्रमाणपत्र जोडा आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. तपासणीला कोणी आले तर पंचनामा पूर्ण वाचूनच सही करावी. विजेच्या अनधिकृत वापराबद्दल कलम १२६ खाली तात्पुरत्या आकारणीची नोटीस आली, तर लेखी हरकत लगेच द्या, कारण नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत अंतिम आदेश होतो. त्यावर पुढच्या ३० दिवसांत कलम १२७ चे अपील करता येते, मात्र त्यासाठी आकारलेल्या रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते.

तोवर हीच पॅनेल चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग नियंत्रित करणारे उपकरण) लावून बॅटरीला जोडा आणि त्यावर वेगळ्या वायरिंगने पंखा व दिवे चालवा. घरच्या वायरिंगशी त्यांचा संबंध नसेल, तर वरील पूर्वसूचनेचा प्रश्न उद्भवत नाही.